देवीनं विचारलं ते

वडील गेल्यानंतर आईला मी थोडे दिवस म्हणून ओहायोला आणलं आणि मग तिचं परतीचं तिकीट पुढे ढकलत राहिलो. आमच्या गावच्या वेशीवर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथं संध्याकाळचा दिवा लावायचा मान आमच्या घराकडे. आई रोज विचारायची, "तिकडं दिवा कोण लावत असेल रे?"

"लावत असेल कुणीतरी," मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचो.

ती गावी एकटी पडली-झडली तर, ही भीती खरीच होती. पण ऑफिसातून आल्यावर घरात कुणीतरी वाट बघतंय, याची मलाही सवय लागली होती. ते मी कुणापाशी बोललो नाही.

एका रविवारी दुपारी शेजारच्या तेलुगू कुटुंबानं आम्हाला सिनेमाला नेलं. "अम्मा, गाँव की देवी की पिक्चर है, आपको सब समझेगा," शेजारीण म्हणाली. आईला तेलुगू येत नाही आणि पडद्याखालचं इंग्रजीही वाचता येत नाही, म्हणून मी तिच्या कानाशी लागून मराठीत सांगत बसलो.

सिनेमातलं गाव हळूहळू रिकामं होत जातं. शेवटी उरलेल्या म्हातारीला तिचा मुलगा शहरात नेतो. वेशीवरचा दिवा विझतो आणि त्या रात्री तळ्याचं पाणी नाहीसं होतं. मुलगा परत येतो तेव्हा तळ्याच्या भेगाळलेल्या तळातून देवी वर येते. संगीत नाही, गर्जना नाही. नुसती ओल्या मातीची बाई, कपाळभर कुंकू, आणि डोळे असे की सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी देव मानत नाही. तरी तिनं माझ्याकडेच पाहिलं, असं वाटलं.

ती बोलली. खाली अक्षरं उमटली: तू गेलास, ते जाऊ दे. माझा दिवा लावणारीला का नेलंस?

आईनं माझा हात हलवला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, सुखी राहा."

खाली वाकून आईनं बर्फातल्या बुटांची चेन उघडली.

"आई, पाय गार पडतील."

"देवीसमोर पायताण घालून बसू?"

मी आजूबाजूला पाहिलं. पुढच्या रांगेतल्या आज्यांनीही बूट काढले होते. शेजारणीचे हात जोडलेले होते. पडद्याच्या उजेडात ती पॉपकॉर्न सांडलेली जागा मला देवळासारखी दिसली, आणि त्या देवळात मी नुकताच खोटं बोललो होतो.

परत येताना आमच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. आई म्हणाली, "सुखी राहा म्हणताना असे डोळे होतात होय रे कुणाचे?"

मी गाडी बाजूला घेतली आणि देवीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"मग त्या पोरानं काय उत्तर दिलं?"

"काही नाही. खाली बघत उभा राहिला."

"तूही तेच करतोयस."

मला रडू आलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरातच. "मला इथं वाईट नाही रे. पण तिकडं ती अंधारात बसलीय."

मी मोबाईल काढून विमानाची तिकिटं उघडली. बोट पुढे सरकेना.

"खिडकीची जागा बघू?"

"कडेची बघ," आई म्हणाली. "उठता-बसता बरं पडतं."