उदबत्तीचा धूर

एकेक भाग निवडून मी घरी जुळवलेला गेमिंग कॉम्प्युटर सुरू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. चार पंखे असूनही तापायचाच. शेवटी तो रिक्षात घालून कोपरखैरण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला.

साठीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. पूर्वी मासळीच्या शीतगृहात मेकॅनिक होता म्हणे. मी आणखी मोठा पंखा मागितला. त्याने उदबत्ती पेटवली आणि चालू कॉम्प्युटरच्या एकेका जाळीपाशी धरली. धूर सगळीकडून आतच ओढला जात होता.

"चारी पंखे आतच फुंकतान. गरम हवा जाईल कुठं?"

त्याने मागचा आणि वरचा पंखा उलटा बसवला, सगळ्यांचा वेग उतरवला. आता धूर पुढून शिरून मागून सरळ बाहेर पडला. डब्याला कान लावून तो स्वतःशीच हसला.

"गिऱ्हाईकानी 'चालू हाय का?' असा इचारला ना, का आपला काम झाला."

संध्याकाळी तासभर खेळत होतो. आई दारातूनच म्हणाली, "आज आवाज नाही. बंद पडला का रे?"

इतक्या तोऱ्यात मी आईला कधीच 'नाही' म्हटलं नव्हतं.