चेस्टनट रस्त्याच्या पलीकडची गॅलरी

कार्टर्स फोर्डमध्ये विद्यापीठाच्या फुटबॉलचा शनिवार उजाडला की गावाच्या अंगात येतं. एरवी चर्चमध्ये शेजारी बसून खोकायलासुद्धा संकोचणारी माणसं त्या दिवशी लाल टोप्या घालून एकमेकांच्या कानात किंचाळतात. मैदानाबाहेर शेगड्या पेटतात, बँड घुमायला लागतो आणि शहाण्यासुरत्या प्राध्यापकांच्या तोंडालाही लाल रंग लागतो.

या सगळ्या गोंधळात ओपल टेडफर्ड चेस्टनट रस्त्यावर उभी. उंच, रुंद खांद्यांची, पेन्शन तोंडावर आलेली बाई. आधी शाळेची बस चालवायची. तिथं पोरांना दरडावण्याचा आवाज कमावला आणि मग विद्यापीठाच्या पोलिसात शिरली. पोलिसाचं शिक्षण गावच्या पोलिसांच्याच बाकावर बसून झालं. पिस्तूल खरं, बिल्ला खरा. पण राज्य मात्र विद्यापीठाचं आवार आणि चेस्टनट रस्ता एवढंच. रस्ता तिचा, पलीकडच्या फूटपाथवर पाय ठेवला की ती चारचौघींसारखी एक बाई. विद्यापीठात गुन्हा करून कुणी पळाला तर त्याच्या मागे धावत पलीकडे जाता येतं, नाहीतर गावच्या पोलिसांनी मदतीला बोलावलं तर. एरवी नाही.

ती रेघ तिनं एकदा ओलांडली होती. पलीकडच्या अंगणात एक दारुडा पोरगा पोरीला मारत होता. ओपल धावत गेली आणि त्याला बेड्या घातल्या. बापानं तगडा वकील उभा केला. न्यायाधीशांनी विचारलं, मारहाण कुठं झाली? अंगणात. पोलिसाला कुणी बोलावलं? कुणीच नाही. पोरगा हसत बाहेर पडला. विद्यापीठ पोलिसांचे चीफ मॅकल्वी यांनी ओपलला खोलीत घेऊन सांगितलं, "पुन्हा असं केलंस तर बिल्ला टेबलावर ठेवून घरी जायचं."

ही गोष्ट पोरांच्या कानी गेल्यावर काय विचारता! माकडाच्या हाती कोलीतच. तेव्हापासून दर सामन्याला पलीकडच्या घरांतली, दारूचं वय न झालेली पोरं पेले घेऊन फूटपाथच्या अगदी कडेला उभी राहतात आणि ओपलच्या नावानं पेले उंचावतात.

"मिस ओपल, या की पलीकडे! लिंबू सरबत देतो!" ब्रॅक्स्टन ओरडला. समोरचं पांढरं दुमजली घर त्यानं मित्रांबरोबर भाड्यानं घेतलं होतं.

"सरबत तुझ्या आजीला पाज. जरा इकडे ये, मग वास घेऊन सांगते कसलं सरबत ते!"

"आम्हाला इथूनच तुमचं तोंड छान दिसतं!"

"तुझं मला कुठूनही छान दिसत नाही रे, बाळा."

पोरं खिदळली. ओपलही हसली. खरं तर तिला ही पोरं आवडायची.

तेवढ्यात गाणं लागलं. घराच्या वरच्या मजल्यावरची लाकडी गॅलरी पोरापोरींनी खचाखच भरली होती. ठेका धरून सगळे एकदम उड्या मारायला लागले. ओपलनं वर पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. गॅलरी आणि भिंत यांच्यात फट दिसत होती. उडी पडली की फट वाढायची. वर नाचणाऱ्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं, आणि खाली फरसबंदी होती.

तिनं वायरलेस उचलला. "चीफ, समोरची गॅलरी सुटतेय. पोरं मरतील. मी जाते."

"जाऊ नकोस! गावच्या पोलिसांना कळवतो, आगीचा बंबही मागवतो."

"ते सगळे स्टेडियमच्या गर्दीत अडकलेत. इथं यायला किती वेळ लागेल?"

"ओपल, मागचं विसरलीस का? रस्त्यावर थांब. हा हुकूम समज."

तिनं भोंगा तोंडाला लावला. "गॅलरी पडतेय! खाली उतरा! एकेक करून, हळू!"

वरून आनंदाचा चीत्कार उठला. म्हातारी आज पार्टी उधळायला नवी युक्ती घेऊन आली, असं पोरांना वाटलं! कुणीतरी गाण्याच्या चालीवर ओरडायला लागलं, "गॅ-लरी, प-डतेय!" आणि सगळे त्या तालावर दुप्पट जोरानं उड्या मारायला लागले. ओपल ओरडेल तितक्या ती पोरं उड्या मारणार होती.

तिनं मागं वळून पाहिलं. मागे विद्यापीठाचा गाड्या लावायचा तळ. सामन्याच्या दिवशी तो देणगीदारांसाठी राखून ठेवलेला, आणि पहाटेच गुपचूप येऊन तिथं गाड्या घुसवायची पोरांची जुनी खोड. त्या गाड्या कुणाच्या, हे ओपलला ठाऊक होतं. दर सामन्याला ती तिकडे काणाडोळा करायची. कोपऱ्यावर टोइंगवाला ड्वेन पिकेट उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात बसला होता.

"ड्वेन! ती निळी गाडी उचल. मग लाल. मग सगळ्या!"

"सगळ्या? सामन्याच्या दिवशी? अगं, दंगल होईल!"

"होऊ दे! शेंगा टाक आणि हाल!"

साखळी खडखडली आणि ब्रॅक्स्टनच्या निळ्या गाडीचं तोंड वर उचललं गेलं. ओपल भोंग्यातून आनंदानं गरजली, "निळी चालली! आता लाल कुणाची? ही बाजू माझी आहे, बाळांनो!"

गाणं राहिलं बाजूला. "ए, माझी गाडी!" म्हणत जो तो जिन्याकडे सुटला. धडपडत, पेले सांडत, शिव्या देत घरातून लोंढा बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून ओपलच्या अंगावर आला. ओपलला त्या शिव्या मोठ्या गोड लागल्या. जिवाच्या भीतीनं न उतरलेली पोरं गाडीसाठी उतरली होती!

पण सगळ्यांकडे गाडी नव्हती.

कठड्याला टेकून एक मुलगी ही गंमत बघत वरच राहिली होती. विनी कॉलियर. डोंगरातल्या खेड्यातून आलेली, गावभर पायी हिंडणारी. संध्याकाळी एकट्या मुलींना सोबत करणं हे ओपलचंच काम. ती विनीला या रस्त्यापर्यंत आणायची, पुढे हद्द नाही म्हणून इथंच थांबायची आणि विनीच्या घराचं दार लागेपर्यंत बघत राहायची. आता सगळे एकदम पळाले त्या धक्क्यानं एक खांब निसटला. गॅलरी कर्रकन एका बाजूला झुकली. विनी कठडा धरून घसरत खाली बसली.

धक्का ओपलच्याच युक्तीचा होता.

ती धावली. रस्ता, फूटपाथ, अंगण, जिना. कंबर दुखते म्हणून एरवी कुरकुरणारी बाई पायऱ्या गाळत वर चढली. मागून कुणीतरी येत होतं. ब्रॅक्स्टन.

गॅलरीच्या दारात ती पालथी पडली आणि तिनं हात लांबवला. "विनी, माझ्याकडे बघ. खाली नाही, माझ्याकडे."

"मिस ओपल, मला हलता येत नाही!"

"तू हलू नकोसच. नुसता हात दे. ब्रॅक्स्टन, माझा पट्टा धर! घट्ट!"

ब्रॅक्स्टननं तिला अधिकार विचारला नाही. त्यानं दोन्ही हातांनी पट्टा धरला. विनीचं मनगट ओपलच्या मुठीत आलं, ब्रॅक्स्टननं मागे हिसका दिला आणि तिघंही खोलीत आडवी पडली. त्याच वेळी प्रचंड आवाज झाला. दाराबाहेर नुसतं आकाश उरलं. खाली फळ्यांचा, बर्फाच्या पेट्यांचा ढीग पडला, आणि रस्त्यावर शिव्या देणारी पोरं दोन पावलं मागे सरली.

मग कुणीतरी ओपलचं नाव घेऊन ओरडलं. पाठोपाठ सगळा रस्ता ओरडायला लागला. स्टेडियममध्येही इतका आवाज झाला नसेल. ब्रॅक्स्टन भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. ओपलला हसू येत होतं.

वायरलेस खरखरला. "ओपल! कुठं आहेस तू?"

"पलीकडे, चीफ. वरच्या मजल्यावर."

"कुठल्या अधिकारानं?"

ओपलनं विनीकडे पाहिलं. पोरीनं दोन्ही हातांनी तिची बाही गच्च धरली होती आणि तोंड तिच्या खांद्यात खुपसलं होतं.

"ही पोर माझा हात सोडेल तेव्हा येते, चीफ. तोवर बिल्ल्याला टेबलावर जागा करून ठेवा."