सुरतेपर्यंत सायकलवर

लोणखेड्याच्या प्रमिलाबाई सायकल चालवायला शिकल्या त्या शाळेत वेळेवर पोचायला. नवरा तापाने गेला तेव्हा त्या विशीच्याही नव्हत्या. सासऱ्यांनी त्यांना माहेरी न धाडता धुळ्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलं, आणि परत आल्यावर शहाद्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. नवऱ्याची सायकल गोठ्यात पडून होती. एके दिवशी सासऱ्यांनीच ती पुसून अंगणात आणून उभी केली.

"मन्हा पोऱ्यानी शे. आठे गंजी ऱ्हायनी, त्यानापेक्षा तू चालाव," ते म्हणाले.

काष्टा घातलेलं लुगडं असल्यामुळे मधल्या दांडीची अडचण नव्हती. अडचण होती ती रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्यांची. काही महिन्यांत त्यांनाही सवय झाली.

पुढे नणंद गजराबाई माहेरी बाळंतपणाला आली. भाद्रपद होता. बाळ आडवं आलं, सुईण म्हणाली नदीपलीकडे नंदुरबारच्या दवाखान्यात न्या. गाडी जुंपून प्रकाशाच्या काठावर आणली, तर तापी दुथडी भरलेली आणि नावाडी नाव सोडायला तयार नाही. गजराबाईने तिथेच, काठावर प्राण सोडला. तिचं डोकं प्रमिलाबाईंच्या मांडीवर होतं.

म्हणूनच शहाद्याचे कापडवाले रतिलालभाई जेव्हा म्हणाले, नदीच्या अलीकडे बायकांसाठी बाळंतपणाची खोली हवी, तिच्या वर्गणीसाठी आम्ही काही जण सायकलवर सुरतेपर्यंत जाणार, गावोगाव थांबणार, तेव्हा प्रमिलाबाई शाळा सुटल्यावर थेट त्यांच्या दुकानात गेल्या.

"मी येते," त्या म्हणाल्या.

रतिलालभाई माणूस भला, पण गांगरला. "बाई, वाट लांबची. मुक्काम कुठे कुठे पडतील. लोक आम्हाला विचारतील."

"घरात बायकांशी कोण बोलणार, तुम्ही? खोली कुणासाठी मागताय?"

रतिलालभाईंनी यादीत त्यांचं नाव घातलं. घरी सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "जाशी ते जाय. पन अर्धी वाटवरतीन माघारे येवू नको, लोके हसतीन."

अडतीस सालच्या पौषात सहा जण निघाले. रतिलालभाई, त्यांचे दोघे व्यापारी मित्र, सायकल दुरुस्तीवाला नवल, अक्राणीच्या डोंगरातून आलेला पावरा आदिवासी मास्तर करणसिंग, आणि प्रमिलाबाई. प्रकाशाला सायकली नावेत आडव्या घालून पलीकडे नेल्या. नंदुरबारपर्यंत वाट ओळखीची होती. नवापूरच्या पुढे सागाचं रान आणि उतार लागला, तिथे बाभळीच्या काट्यांनी सगळ्यांचा जीव घेतला. नवलचं पंक्चरचं रबर आणि सोल्यूशन पहिल्या मुक्कामापासूनच पुरवून वापरावं लागलं. प्रमिलाबाईंच्या तळहातांना फोड आले, त्यांनी चिंध्या गुंडाळल्या. एका उतारावर त्या पडल्या, कोपर सोललं, उठल्या आणि आधी चेन बसते का ते पाहिलं.

गावात गेल्यावर पुरुष पेढीवर बसत आणि प्रमिलाबाई मागच्या दाराने चुलीपाशी जात. आधी बायका सायकलीबद्दलच विचारत. मग कुणीतरी आपल्या बहिणीचं, जावेचं सांगू लागे. निघताना कुणी पायातला वाळा काढून देई, कुणी पदराला बांधलेले पैसे सोडून देई.

सुरतेत रतिलालभाईंची भिस्त कापसाच्या एका मोठ्या दलालावर होती. शेठनी सगळ्यांना गादीवर बसवलं, दूध पाजलं, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "वर्गणी कसली गोळा करता? अख्खी इमारत मी बांधून देतो. तिला माझ्या आईचं नाव द्या, म्हणजे झालं."

रतिलालभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक मात्र पाळा," शेठ पुढे म्हणाले. "त्या डोंगरातल्या बायका तिथे नकोत. त्या आल्या की चांगल्या घरच्या येणार नाहीत."

करणसिंग तिथेच, गादीच्या कडेला बसला होता. त्याने पेला हळूच खाली ठेवला. रतिलालभाई सतरंजीकडे बघत राहिले. प्रमिलाबाई म्हणाल्या, "शेठजी, मग ही इमारत आम्हाला नको."

बाहेर आल्यावर रतिलालभाई भडकले. "हातात आलेलं घालवलंत, बाई! हो म्हणायचं होतं. पुढचं पुढे बघता आलं असतं."

"दारात आलेल्या बाईला परत पाठवायला मलाच उभं केलं असतंत ना तुम्ही? मला ते जमलं नसतं."

ते आणि त्यांचे मित्र संध्याकाळच्या गाडीने सायकली डब्यात टाकून परत गेले. उरलेले तिघे आले तसे सायकलवर निघाले, येताना राहून गेलेली गावं घेत.

व्याऱ्याजवळ पाणी प्यायला थांबले असताना करणसिंग म्हणाला, "बाई, माझ्याकडे बघून नाही म्हणाला असाल, तर मला वाईट वाटेल."

"तुमच्याकडे बघून नाही, मास्तर," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि जे घरातही कधी बोलल्या नव्हत्या ते त्यांनी सांगितलं. त्या दिवशी काठावर गजराबाईला आडोसा नव्हता. डोंगरातून मोळ्या आणून नावेची वाट बघत बसलेल्या भिलिणींनी आपली लुगडी सोडून चारी बाजूंनी धरली होती, पावसात, शेवटपर्यंत. आपल्या माणसांतलं मात्र कुणी जवळ आलं नव्हतं.

करणसिंगने लोटा भरून त्यांच्यापुढे केला.

जमलेल्या वर्गणीत इमारत झाली नसती. धुळ्याहून एक नर्स आणून तिचा पगार देता येईल एवढं मात्र होतं. पण ती बसणार कुठे? रतिलालभाईंनी कित्येक आठवडे प्रमिलाबाईंशी बोलणं टाकलं होतं. मग एका सकाळी त्यांचा गडी शाळेत आला आणि दुकानामागच्या वखारीची किल्ली टेबलावर ठेवून गेला. सुरतेचा विषय त्यांनी पुढेही कधी काढला नाही. वखारीला चुना मात्र स्वतः उभं राहून लावून घेतला.

खोली सुरू झाली. शहाद्याच्या, लोणखेड्याच्या बायका येऊ लागल्या. खोली सगळ्यांना खुली म्हणून, शेठ म्हणाले होते तसं, काही घरांनी तोंड फिरवलं आणि अडल्यावर तीही आली. डोंगरातून मात्र कुणीच येईना. करणसिंग पाड्यापाड्यांत सांगून थकला. बायकांना त्या चार भिंतींची भीती वाटे. प्रमिलाबाईंच्या मनाला ते लागे.

दुसऱ्या वर्षी दिवलीबाई नावाची एक पावरा बाई झोळीतून आली. बाळ पायाळू होतं. सुखरूप सुटली. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई शाळेआधी शिरा घेऊन गेल्या, तर खाट रिकामी. बाळाला पाठीशी बांधून, कुणाला न सांगता, ती पायी निघून गेली होती.

"थांबवलं का नाही तिला?" प्रमिलाबाई नर्सवर चिडल्या.

नर्स हसली. "बाई, चालता येत होतं म्हणूनच गेली की."

प्रमिलाबाईंनाही हसू आलं. मग त्यांनी शिऱ्याचं भांडं नर्सच्या हातात दिलं, सायकल वळवली आणि घंटा व्हायच्या आत शाळेत पोचल्या.