काझी सरांची दुसरी बाजू

काझी सरांच्या वर्गात मारामारी झाली की मारणाऱ्याला उभं राहावं लागे आणि मार खाणाऱ्याच्या बाजूनं बोलावं लागे. "पयले त्याची बाजू सांग. अशी सांग का त्यालेच वाटलं पाह्यजे, वा, मी इतका शायना हावो! मंग तुयी सांग." बरीच भांडणं दुसऱ्या बाजूपर्यंत पोचतच नसत, त्याआधीच दोघांना हसू फुटे.

सर अमरावतीच्या आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. मूळचे अचलपूरचे, अंगानं काटकुळे. घरी उर्दू बोलायचे आणि वर्गात अस्सल वऱ्हाडी. शनिवारचा शेवटचा तास राज्यघटनेचा. देशाला घटना मिळून फार वर्षं झाली नव्हती आणि घरात नवं बाळ यावं तशा कौतुकानं सर ती शिकवायचे. "ज्याचं आयकलं नाई, त्याच्यावर निकाल नाई," हे त्यांचं पालुपद. पुण्याकडच्या हेडमास्तरांना त्यांची भाषा रांगडी वाटे. आम्हाला घटना कळली ती त्याच भाषेत.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना अकोल्याला शाळांची नागरिकशास्त्राची वादविवाद स्पर्धा ठरली, जिंकणाऱ्या संघाला ढाल. आमच्या संघात मी एकटीच मुलगी. मला पुढं शिकायचं होतं आणि बाबांना माझं लग्न उरकायचं होतं. मी फारच रडारड केली तेव्हा ते म्हणाले, "ढाल घेऊन ये, मंग कालेजचं पाहू. नाई तं मॅट्रिक झाली का लगन."

अकोल्यात विषय निघाला : मताचा हक्क फक्त शिकलेल्यांनाच असावा का? मला 'नसावा' म्हणायचं होतं. वर्गातल्या सवयीनं मी आधी समोरच्यांची बाजू घेतली आणि अशी काही रंगले की समोरचा संघ माना डोलवू लागला. आता आपल्या बाजूला वळावं म्हणून 'पण' म्हणते तोच वेळ संपल्याची घंटा झाली. ढाल त्यांना मिळाली, बहुधा माझ्याच भाषणावर.

गाडीत बडनेऱ्यापर्यंत माझे डोळे वाहत होते. "बोलली तं तू झकास," सर म्हणाले, "फक्त त्यायच्याकडून बोलली." मग खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "घडीकडं पाहाले शिकवलंच नाई म्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या घरी आले. बाबांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "सर, ढाल काई आली नाई."

"नाई आली. तुमचं खरं हाय," म्हणत सरांनी बाबांचीच बाजू मांडायला सुरुवात केली. वयात आलेली पोरगी, लोकांची तोंडं, हातचं जाणारं चांगलं स्थळ, बापाच्या जिवाला लागलेला घोर. दाराआडून आईसुद्धा मान हलवू लागली. सरच उलटले, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी घड्याळ पाहिलं. "झाली माई येळ."

बाबांनीच विचारलं, "अन् दुसरी बाजू?"

"ते तुमच्याच घरात हाय. तिले इचारा."

त्या घरात मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी बोलले. बाबांच्या काळजीबद्दल मला काही सांगावं लागलं नाही, ते काम सर करून बसले होते. बोलून झालं तेव्हा बाबा म्हणाले, "एक वर्ष जाऊन पाय." त्या एका वर्षाची पुढं वकिली झाली.

सर निवृत्त होऊन अचलपूरला गेले आणि काही वर्षांनी आजारी पडले. अमरावतीच्या दवाखान्यात यायला ते तयार नव्हते. त्यांच्या मुलानं मला निरोप धाडला, "तुमचंच आयकतीन ते." मी एस्‌टीनं गेले आणि खाटेशी बसले. अर्थात आधी त्यांचीच बाजू घेतली : आपलं घर, ओळखीची माणसं, अंगणातला लिंब, कानावर येणारी अजान, परक्या खाटेवर कशाला जायचं?

सर डोळे मिटून ऐकत होते. ओठांवर तेच वर्गातलं हसू. "वा बेटी," ते म्हणाले, "लय चांगली मांडली. आता दुसरी राहू दे."

मुलगा माझ्याकडं आशेनं बघत होता. दुसरी बाजू मला तोंडपाठ होती. मी सरांचा हात हातात घेतला आणि गप्प बसले.