लसणाचा वास लागलेली तंबाखू

पुणं सोडलं तेव्हा सोलापूरला जायची मला मुळीच इच्छा नव्हती. गुडघे दुखत होते, मार्च लागला होता, आणि ज्या कामासाठी निघालो होतो ते कुणाला सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. पाइपच्या तंबाखूची चव बिघडली म्हणून एवढ्या लांब जाणारा माणूस रिकामटेकडा तरी असतो नाहीतर हट्टी. मी निवृत्त आहे आणि घरात एकटा असतो, म्हणजे रिकामटेकडा तर आहेच. हट्टी आहे असं लोक म्हणतात.

कापडाचे रंग विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता म्हणून मी एके काळी सोलापूरला नेहमी जात असे. तिथल्या एका गिरणीतल्या साहेबांनी मला पाइप ओढायला शिकवलं आणि तेच मला बाळीवेशीत बसवराज अप्पांकडे घेऊन गेले. अप्पांचा धंदा जर्द्याचा (विडीत भरायच्या तंबाखूच्या भुग्याचा). साहेबांच्या आग्रहाखातर त्यांनी पाइपसाठी एक मिश्रण तयार केलं होतं. आंध्रातली पिवळी, सौम्य पानं जास्त, निपाणीची कडक तंबाखू बेताची, त्यावर मनुका उकळलेलं पाणी आणि थोडा गूळ. पुढे गिरणी बंद पडली, साहेब गेले, माझी नोकरी संपली. मिश्रण मात्र कुरिअरनं येत राहिलं.

अलीकडच्या पुड्यांमध्ये काहीतरी चुकत होतं. पाइप पेटवला की तोंडात खमंग, तिखटसर अशी एक चव यायची, आणि ती कुठली ते काही केल्या सुचायचं नाही. आधी मी कवळीला दोष दिला. मग पाइप स्पिरिटनं धुतला. मग नवा पाइप आणला. चव हटेना. फोन केला तर अप्पांची सून उचलायची आणि अप्पा झोपलेत, सगळं पहिल्यासारखंच आहे, असं सांगायची. शेवटी चिडून तिकीट काढलं.

गाडीत खिडकी मिळाली, पण बाजूला ऊनही मिळालं. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसलं, त्यात पांढरे पक्षी उभे होते. एरवी मी ते बघत बसलो असतो. त्या दिवशी डोळे मिटून घेतले. कुर्डुवाडीनंतर ज्वारी काढून झालेली काळी रानं लागली, मधूनमधून कडब्याच्या गंजी आणि मग पुन्हा काळं रान. म्हातारपणी प्रवासात सगळ्यात जास्त कंटाळा येतो तो पोचण्याचा, कारण पोचलं की उठावं लागतं.

उठलो, आणि फलाटावर पाय टाकताच चपलेचा अंगठा तुटला. पाय ओढत बाहेर आलो. चांभारदादांनी टाके घालून दिले आणि वर सल्लाही दिला, या वयात बंद बूट घाला की म्हणून. मग रिक्षावाल्यानं बाळीवेस सोडून भलतीकडेच नेलं. रस्ता खोदलाय, असं त्याचं म्हणणं पडलं. वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून जिथं उतरवलं तिथंच समोर दिसलेल्या लिंगायत खानावळीत शिरलो.

ताटात वांग्याची भाजी, दही, कडक भाकरी (वाळवून पापडासारखी कुरकुरीत केलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी. सोलापूरची ही चटणी उखळात कुटतात, तेव्हा दाण्यांना तेल सुटतं आणि लसूण त्या तेलात पार मुरतो. वाढणाऱ्या बाईंनी अजून घ्या, अजून घ्या म्हणत दोनदा वाढली. मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी-दही लावून तोंडात घातला आणि चावायचा थांबलो. हीच ती चव. इतके दिवस मी पाइपातून शेंगदाण्याची चटणी ओढत होतो.

हसू आलं, आणि मग रागही आला. साठी उलटल्यावर माणसाच्या वाट्याला एखादंच सुख उरतं, त्यातही कुणी लसूण घालावा म्हणजे काय?

अप्पांच्या घराचं दार उघडंच होतं. पूर्वी पुढच्या खोलीत जर्द्याची पोती असायची आणि आत शिरताच शिंक यायची. आता तिथं ओळीनं चटणीची पाकिटं मांडलेली होती. मागच्या खोलीत दोन बायका उखळापाशी बसून मुसळानं आळीपाळीनं घाव घालत होत्या. कोपऱ्यात सोललेल्या लसणाची परात होती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीलगत, अप्पांच्या चिनी मातीच्या बरण्या. त्यांच्या तोंडाला नेहमीप्रमाणे ओली फडकी बांधलेली होती. तंबाखूला श्वास लागतो, झाकण घातलं की ती कुढते, असं अप्पा सांगत, आणि बरणीवर झाकण त्यांनी कधीच घातलं नाही. श्वास घेताना ती काय आत ओढत होती ते मला त्या खोलीत पाऊल टाकताच कळलं.

सून महादेवी पदराला हात पुसत आली. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. अप्पा आत आडवे झाले होते. तिनं मला पुढच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून जे होतं ते सांगून टाकलं. मोठी साथ आली त्या काळात अप्पांना ताप आला. तो उतरला, पण नाक गेलं ते गेलंच. दूध करपलं तरी कळत नाही. त्याच सुमारास तिच्या नवऱ्याचं चिंचोळी एमआयडीसीतलं काम बंद पडलं आणि तिनं चटणी सुरू केली. जागा ही एवढीच. अप्पांनी पाइप सोडलेला, घरात दुसरं कुणी तो ओढत नाही, आणि लसणाच्या वासाला सगळे इतके सरावलेले की मिश्रणाला तो लागला असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिनं आधी आतल्या दाराकडं पाहिलं.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "सकाळी उठून तेवढंच करतेत बघा. मनुका उकळायच्या, पानं मोकळी करायची. ते न्हाय केलं की भिंतीकडं तोंड करून पडतेत. मी उद्याच चटणी कुटंतरी हलवते."

कुठं हलवणार ते तिलाही ठाऊक नसावं. माझा राग तिथंच ओसरला. मी कबूल झालो. मुळात मला तक्रार करायचीच होती कुठं, मला माझी तंबाखू परत हवी होती.

अप्पा बाहेर आले ते भिंत धरत. बर्री, बर्री (या, या) म्हणाले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझं पोट सुटल्याबद्दल चौकशी केली. मग रीत होती तशी बरणी मागवली. गिऱ्हाईक घरी आलं की पहिला पाइप अप्पांनी भरायचा आणि तो ओढून होईपर्यंत समोर बसून त्याच्या तोंडाकडं बघायचं, ही त्यांची जुनी पद्धत. चिमूट हातात घेऊन दाबली, सोडली, परत दाबली. बोटं तशीच होती. खाली सैल, मधे बेताची, वर जरा घट्ट, असं भरलं. मी काडी ओढली.

मिश्रण अगदी बरोबर होतं, हे मला मुद्दाम लिहायला हवं. ओल बरोबर, जळणं बरोबर. फक्त त्या सगळ्यावरून लसूण फिरत होता.

"कशी हाय?" अप्पांनी विचारलं.

"छान," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. दारात महादेवी उभी होती.

"तुमीबी?" ते म्हणाले. "पयलं कुणी ना कुणी भांडायचं की माझ्याशी. लई गोड झाली, लई कोरडी झाली. तुमीच एकदा अख्खी पुडी परत पाठवलीती. आता समदी छान म्हणतेत. छान म्हणतेत आन् परत मागवत न्हाईत. नाक गेलंय माझं, अक्कल न्हाय गेली. काय हाय त्यात, सांगा."

मी महादेवीकडं पाहिलं. तिनं खाली मान घातली. मी सांगून टाकलं.

 बरणीवरचं फडकं अप्पांनी घडी घालून गुडघ्यावर ठेवलं. महादेवी घाईघाईनं चटणी हलवायचं बोलू लागली, तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं. घर चटणीवर चाललंय, ती हलायची न्हाय, म्हणाले. मग मी सुरू झालो. बरण्या माडीवर न्या, झाकणं लावा, मी येत जाईन, वास मी घेत जाईन. बोलता बोलता मलाच ते पोकळ वाटायला लागलं. जिना चढायला त्यांचे पाय साथ देणार नव्हते आणि चार तास गाडीत बसून माझे आखडले होते.

"लसूण होता म्हणून कळलं तरी," अप्पा म्हणाले. "उद्या बुरशी धरली तर? लोकांच्या छातीत जाणारी वस्तू हाय. ज्याला वास न्हाय त्यानं ती करू नये. साकु (पुरे)."

एवढंच. त्यांनी आवाज चढवला नाही आणि डोळेही पुसले नाहीत. मला मात्र फार वाईट वाटलं. मी छान म्हणून तोंड बंद ठेवलं असतं तरी त्यांना कळलंच होतं, हे खरं, पण शेवटचा घाव माझ्या हातून बसला.

चहा झाला. उठणार तेवढ्यात त्यांनी मला बसवलं. म्हणाले, ताप आल्यापासून वास तर गेलाच, पण त्याची आठवणही पुसत चाललीय. मनुका आठवतात, गूळ आठवतो, दोन्ही मिळून काय व्हायचं ते आठवत नाही. "बिघडायच्या आधी कशी लागायची ती? सांगा जरा. सावकाश सांगा."

मी आयुष्यभर रंग विकले, चवींचं वर्णन कधी केलं नव्हतं. तरी सांगू लागलो. पुडी फोडली की गुऱ्हाळाच्या काहिलीपाशी उभं राहिल्यासारखं वाटायचं, पण लांबून, वारा आपल्याकडं असताना. पहिली काडी ओढली की जिभेच्या शेंड्यावर गोडी यायची आणि लगेच जायची. जीभ कधी पोळायची नाही. हळूहळू जळायची, घाई केली तर रुसायची. पाइपची वाटी अर्धी झाली की निपाणी जागी व्हायची, घशाला हलका चिमटा घ्यायची, तेव्हा मनुका मागे सरायच्या. तळाशी आली की भाजलेल्या हुरड्यासारखी लागायची. नळीत पाणी साठायचं नाही. राख पांढरी, भुरभुरीत, एका टिचकीत मोकळी.

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मधे मधे हौदु, हौदु (हो, हो) म्हणत. मागची मुसळं कधी थांबली ते मला कळलंच नाही. महादेवी आणि तिच्या दोघी सोबतिणी दाराशी येऊन बसल्या होत्या.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून एवढंच," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. महादेवीनं बळंच दिलेली चटणी पिशवीत होती आणि डब्यातली माणसं वळून वळून बघत होती. दौंडला गाडी उगाच थांबून राहिली. घरी पोचलो, दिवे लावले, कोट खुंटीला टांगला, आणि तिथं उभ्या उभ्या आठवलं की अप्पांना एक गोष्ट सांगायची राहिली.

दुसऱ्या दिवशी फोन केला. महादेवीनं उचलला. अप्पा उठलेत, लसूण सोलत बसलेत, म्हणाली. मग ते आले.

"अप्पा, एक राहिलं," मी म्हणालो. "रात्री ओढली की सकाळी कोटाला वास असायचा. तंबाखूचा नाही. नव्या कडब्यावर दव पडल्यासारखा. गोड आणि ओला."

 "व्हय," म्हणाले. "बरोबर हाय. पर तो ओढणाऱ्याला येत न्हाय की. घरातल्या माणसाला येतो. तुमाला कसा कळला?"

"बायको सांगायची," मी म्हणालो.

 मग ते म्हणाले, माझीबी सांगायची, आणि फोन सुनेकडं दिला.

इतकी वर्षं ती तंबाखू मी ओढली, तिचं सगळं मला माहीत आहे अशा तोऱ्यात सोलापूरला गेलो, तिथं बसून तास-अर्धा तास वर्णन केलं. तिच्यातलं सगळ्यात चांगलं जे होतं ते मी कधी अनुभवलंच नव्हतं. कोट झटकताना हिनं सांगितलेलं तेवढं माझ्यापाशी होतं. मी उठलो, खुंटीवरचा कोट काढला आणि बाही नाकाशी धरली. मला काही कळेना, आणि कसला वास येतोय ते सांगणारं घरात कुणी नव्हतं.