अकरा पावलांवरचं कपाट

शिक्केबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आयुष्यातून उठायचा तेवढा बाकी राहिलो होतो. वाचनालयाचं पुस्तक परत करायला गेलो होतो. त्यातल्या एका पानाचा कोपरा मी दुमडला होता. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, नुसता वास घेतल्यासारखं केलं, नेमकं तेच पान उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. छताचा पंखा फिरायचा थांबला. वाचन कक्षातल्या सात म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्रांच्या आड आसरा घेतला. आठव्याला शिंक आली म्हणून तो बाहेर पळाला, तो आठवडाभर फिरकला नाही. "हे तुम्ही केलंत?" बाईंनी विचारलं. त्या क्षणी मी शाळेतल्या सगळ्या कॉप्यासुद्धा कबूल करून टाकल्या असत्या.

अशा बाईंकडे मी माझ्या भाचीला नेलं, कारण दुसरा इलाज उरला नव्हता.

भाची सतराची. बारावीची परीक्षा संपली होती आणि पुढे दहा आठवडे मोकळे. कुमार विभागातल्या कादंबऱ्यांच्या तिन्ही फळ्या तिने लहानपणापासून चाटूनपुसून साफ केल्या होत्या. आता तिने जाहीर केलं होतं की आपलं वाचन संपलं.

"सगळ्या सारख्याच असतात रे मामा," ती म्हणाली. "नायिका सोळाची. तिला काहीतरी गुपित शक्ती. बाप एक तर बेपत्ता, नाहीतर तोच खलनायक. पहिल्या दहा पानांत मला शेवट कळतो."

"मग मोठ्यांची वाच."

"तू दिलेलं वाचलं की! आठशे पानं. चौऱ्याऐंशीव्या पानापर्यंत तो माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही."

माझं ते थोर पुस्तक सध्या तिच्या खिडकीचं दार आपटू नये म्हणून लावलेलं असतं. त्या कामाला उत्तम आहे.

बाईंनी हे सगळं ऐकलं, पण त्या हसल्या नाहीत. कुमार विभागाच्या कपाटापासून मोठ्यांच्या कादंबऱ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "किती अंतर आहे सांग."

"असेल दहा-बारा पावलं."

"अकरा. मी मोजलंय. या अकरा पावलांत माझी पोरं गळतात. इकडून निघतात आणि तिकडे पोचतच नाहीत. थेट दारातून बाहेर! एकवीस वर्षं बघतेय." त्यांनी टेबलावर शिक्का आपटला, तोही कोरा. "तू नाही गळायचीस. सुट्टी संपायच्या आत तुला त्या कपाटापाशी पोचवते, नाहीतर ही खुर्ची सोडते."

"बाई, खुर्ची कशाला—" मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही तिला आठशे पानं दिलीत."



पुस्तक निवडायची बाईंची एक रीत होती. परीक्षणं, पुरस्कार, मलपृष्ठावरची स्तुती यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर पुस्तक नेल्याची आणि परत आल्याची तारीख बाई स्वतः उठवतात, म्हणून तर त्या शिक्केबाई. त्या चिठ्ठीवरून त्या पुस्तकाची नाडी बघायच्या. मुदत संपताना, बरोब्बर चौदाव्या दिवशी परत आलं, म्हणजे उघडलेलंच नाही. महिन्याने आलं, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी वाचलं. तीन दिवसांत आलं, म्हणजे वाचणाऱ्याने भाजी करपवली, दूध उतू घालवलं, पण पुस्तक खाली ठेवलं नाही.

बाईंनी दोन तास चिठ्ठ्या तपासल्या. शेवटी तीन बहिणी आणि त्यांच्या बापाचं घर अशी एक जाडजूड कादंबरी काढली. बारा वाचक, आणि बाराही जणांनी दोन दिवसांत परत केलेली!

"दोन दिवसांत!" बाईंनी चिठ्ठीवर बोट आपटलं. "घेऊन जा."

भाचीने नेली ती माझ्यावर उपकार केल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तिने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती, डोळे लाल, हातात पुस्तक. मला तिने दटावून सोबत आणलं होतं. दार उघडून म्हातारे आत बसले, तशी ती थेट टेबलाशी गेली.

"बाई, शेवटची पानं कुठेत?"

"काय?"

"थोरली बहीण वकिलासमोर बसते, घर विकायच्या सहीसाठी पेन उचलते, आणि पुढे ही तुमची चिठ्ठी!"

बाईंनी पाहिलं. पानं मुळापासून गेली होती. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना कोणाच्या मयतातही असं पाहिलेलं नाही.

"बारा जणांनी वाचली," त्या पुटपुटल्या. "एकानेही सांगितलं नाही?"

त्या बारांपैकी एक, निवृत्त तिकीट तपासनीस, कोपऱ्यात पेपर वाचत होते. बाईंनी त्यांना हाक मारली.

"काका, ही तुम्ही नेली होतीत. पानं नाहीत हे बोलला का नाहीत?"

काकांनी पेपर आणखी वर धरला. "कसं बोलणार? तुम्ही म्हणाला असता, मीच फाडली."

"मी?"

"बाई, माझ्या आयुष्यात मी हजारो माणसांना विनातिकीट पकडलं. पण तुमच्यासमोर उभं राहायचं म्हटलं की मलाच घाम फुटतो."

वाचन कक्षात सगळ्या माना हलल्या. बाई खुर्चीत बसल्या. एकवीस वर्षं त्यांनी पुस्तकं जपली होती, आणि त्या जपण्याच्या धाकानेच बारा माणसं चोरासारखी गप्प राहिली होती. आता त्या रागावणार की रडणार, हे मला कळेना.

त्यांनी पेन काढलं. "आजूबाजूच्या सगळ्या वाचनालयांना पत्र लिहिते. दुसरी प्रत कुठेतरी असणारच."

"आणि तोवर मी काय करू?" भाची तडकली. "काकांनी मला मघाशी पायरीवर शेवट सांगितला, तो त्यांनी मनाने रचलाय. थोरली सही करत नाही म्हणे, पेन फेकून देते. ती अशी नाहीच मुळी! तिला धाकटीची फी भरायचीय!"

बाईंनी मान वर केली. कोणाच्या तरी खोट्या बहिणीसाठी ही मुलगी भांडत होती. बाई उठल्या आणि कुमार विभागाच्या कपाटाजवळून स्वतःच्या पायांनी मोठ्यांच्या कपाटाकडे गेल्या. भाची तावातावाने बोलत मागोमाग. कुठे उभी आहे याचं तिला भान नव्हतं. दोन कपाटांमधलं अंतर मी मोजलं, अकरा पावलं.

पुढचे आठ आठवडे बाईंनी पत्रं पाठवली, फोन केले, एका ग्रंथपालाशी भांडणही केलं. दरम्यान भाचीने "नुसतं थांबून काय करायचं" म्हणत पाच कादंबऱ्या वाचल्या. बाई प्रत्येकीची शेवटची पानं आधी स्वतः मोजून देत. एक तिला भिकार वाटली आणि का वाटली हे तिने बाईंना पाऊण तास सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. दोन तिने आईलाही वाचायला लावल्या. आणि एक दिवस घरी जाताना मोठ्यांच्या विभागाच्या सभासदत्वाचा अर्जही भरला.

सुट्टीच्या शेवटच्या शनिवारी दुसरी प्रत आली. बाई, काका आणि भाची यांनी ती हरवलेली शेवटची सोळा पानं एकाच बाकावर बसून वाचली. थोरली बहीण सही करते, घर विकलं जातं, आणि तिघी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला जातात.