ठोंबी

चौथीच्या बाईंनी फळ्यावरचा भागाकार चुकला म्हणून तिला ‘ठोंबी’ म्हटलं आणि अख्खा वर्ग खो खो हसला. मधल्या सुट्टीपर्यंत ते नाव शाळाभर झालं, संध्याकाळी भावाच्या तोंडून घरात शिरलं. आईसुद्धा लाडाने ठोंबी म्हणू लागली. आठवीत शाळा सुटली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. तिलाही नाही.

पुढे ती शिवण शिकली, लग्न झालं, नवरा लवकर गेला. बाजारामागच्या गल्लीत, एका खोलीत, शाळेचे गणवेश शिवून तिने एकुलत्या एक मुलीला कॉलेजात घातलं. गल्लीतल्या बायका तिला ठोंबीताई म्हणत आणि ती ओ देई.

मुलीने समाजशास्त्र घेतलं होतं. परीक्षा तोंडावर आली की ती मोठ्याने वाचायची, आई काजं करता करता ऐकायची.

“काही अभ्यासक म्हणतात, समाज म्हणजे शरीर,” मुलगी घोकत होती. “शाळा माणसं पारखते आणि ज्याला त्याला त्याच्या जागी बसवते. दुसरे म्हणतात, कसली पारख? वरच्यांची मुलं वरच राहावीत, ही सगळी व्यवस्था. तिसरे थेट वर्गातच डोकावतात. शिक्षक ज्याला मठ्ठ म्हणतात, तो हळूहळू स्वतःला मठ्ठ समजायला लागतो. आणि मग तसाच होतो.”

आईचा हात थांबला. “हे पुस्तकात छापलंय?”

“हो. का गं?”

“काही नाही. वाच पुढे.”

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला. भर दुपारी मशीन चालवताना पाठीमागे खडू खरखरल्यासारखा वाटायचा. वळून बघावं तर भिंतीवर टांगलेले सदरे, ओळीने, बिनमुंडक्यांचे. झोपेतही शिवता येईल अशी कॉलर उलटी लागायची. ती उसवायची, पुन्हा लावायची, पुन्हा उलटी.

शेवटी ती पत्ता काढून बाईंकडे गेली. बाई आता लेकाकडे राहत होत्या, खिडकीशी बसून. मोठ्या मायेने त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“माझ्या वर्गातली का? बस, बस. काय करतेस?”

“कपडे शिवते.”

“छान! सगळेच डॉक्टर झाले तर कपडे कोण शिवणार? मी पहिल्या आठवड्यातच ओळखायचे हो, कोण कुठे जाणार ते. साहेबलोकांची मुलं कशी चटकन उत्तरं द्यायची!”

एका भागाकारावरून मला असं का म्हणालात, हा प्रश्न तिने वाटेत घोटून घोटून तयार केला होता. तो विचारायला ती जरा पुढे सरकली.

“नाव काय म्हणालीस तुझं?” बाईंनी विचारलं.

“ठोंबी.”

बाई हसल्या. “हे कसलं गं नाव? कुणी ठेवलं?”

चहा न घेताच ती उठली. जिन्यात कठडा धरून ती पायरीवर टेकली. जन्मभर मानगुटीवर बसलेल्या त्या नावाचा बाईंच्या घरात मागमूसही नव्हता.

घरी आल्यावर तिने मुलीला सगळं सांगितलं. मुलगी रडली, मग चवताळली. “मी जाऊन विचारते त्यांना!”

“काय विचारशील? त्यांना आठवतच नाही. भांडायचं तरी कुणाशी?”

मुलगी पास झाली, शिक्षिका झाली. आईला आभाळ ठेंगणं झालं. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, मुलगी दमून घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “वर्ग चांगला आहे गं. एक पोरगी तेवढी सोडली तर. काही म्हणजे काही शिरत नाही तिच्या डोक्यात.”

आईने मशीनवरचा पाय काढून घेतला. “तिला काय म्हणालीस तू?”

मुलगी चपला सरळ करत राहिली.

“काही नाही,” ती म्हणाली आणि हातपाय धुवायला मोरीत गेली. आत नळ कितीतरी वेळ वाहत होता.